गव्हर्नरच्या टेबलावर येणारे युद्ध

अमेरिकेत एखाद्या राज्याच्या गव्हर्नरपदासाठी किंवा विधिमंडळासाठी उभा राहिलेला उमेदवार आपल्या प्रचारसाहित्यात कर, शाळा, रस्ते यांच्या जोडीला युद्ध आणि अंतर्गत सुरक्षा यांवरही चार ओळी लिहितो. त्या बहुतेक वेळा ठरावीक असतात. सैनिकांविषयी आदर, दहशतवादाशी तडजोड नाही, माजी सैनिकांना करसवलत, सीमेवर कडक पहारा, असा त्यांचा मासला असतो. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच शंका येते की, या माणसाचा युद्धाशी संबंध काय? अमेरिकी राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आणि सरसेनापतिपद अध्यक्षाला दिले. गव्हर्नरला त्यात कुठे जागा नाही. इतकेच नव्हे, तर जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्ध युद्ध पुकारल्यानंतर काँग्रेसने स्वतःही हा अधिकार रीतसर वापरलेला नाही. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक ही सगळी युद्धे ठरावांच्या किंवा अध्यक्षीय आदेशांच्या आधारावर लढली गेली. ज्यांच्याकडे अधिकार आहे तेच तो बाजूला ठेवत असतील, तर ज्याच्याकडे तो नाहीच त्याचे मत ऐकून मतदाराने करायचे काय?

माझ्या मते करण्यासारखे पुष्कळ आहे, मात्र ते मत त्या चार ओळींत शोधण्यात अर्थ नाही. राज्यपातळीवरच्या उमेदवाराची युद्धाविषयीची खरी भूमिका निवडून आल्यावर त्याच्या सहीसाठी येणाऱ्या कागदांवर ठरते. राज्याचे नॅशनल गार्ड हे अर्धवेळ सैनिकांचे दल कुठे जाणार, वॉशिंग्टनहून आलेला सुरक्षानिधी कशावर खर्च होणार, शस्त्रास्त्रे बनवणाऱ्या कारखान्याला किती सवलत मिळणार आणि सुरक्षेच्या पदावर कोण बसणार, हे ते कागद. यांपैकी एकावरही ‘युद्ध’ असा शब्द नसतो, आणि तरीही युद्ध राज्यात शिरते ते याच वाटांनी.

कनेटिकट राज्याचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. २००६ मध्ये तिथे सिनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली. विद्यमान सिनेटर जो लीबरमन हे काही साधे नाव नव्हते. २००० मध्ये ते पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, आणि ९/११ नंतर होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षा, नावाचे नवे खाते असावे यासाठी सिनेटमध्ये विधेयक मांडणाऱ्यांत ते आघाडीवर होते. बुश सरकारने आधी त्याला नकार दिला आणि नंतर ती कल्पना उचलली. २२ सरकारी यंत्रणा एकत्र करून उभे राहिलेले ते खाते मार्च २००३ मध्ये कामाला लागले, आणि त्याच महिन्यात इराकवर हल्ला झाला. त्या हल्ल्याला परवानगी देणाऱ्या २००२ च्या ठरावाच्या मागेही लीबरमन ठामपणे उभे होते; सिनेटने तो ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत केला होता. अंतर्गत सुरक्षा आणि परदेशातले युद्ध ही एकाच कामाची दोन टोके आहेत, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती.

त्यांच्यासमोर उभे राहिले नेड लॅमॉन्ट. ग्रिनिच या श्रीमंतांच्या गावचे, केबल व्यवसायातले, राज्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले गृहस्थ. त्यांचा प्रचार मुख्यतः एकाच मुद्द्यावर होता. इराकमध्ये १ लाख ३२ हजार अमेरिकी सैनिक एका यादवीत अडकून पडले आहेत, त्यांना घरी आणा. ८ ऑगस्टला लॅमॉन्ट सुमारे ५२ टक्के मते घेऊन जिंकले. लीबरमन यांनी निकाल कळताच स्वतंत्र उमेदवारी जाहीर केली.

त्यानंतर दोनच दिवसांनी, १० ऑगस्टला, ब्रिटिश पोलिसांनी अटलांटिक ओलांडणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवून देण्याचा कट उघडकीस आणला. आपल्याकडच्या घरांतही ही तारीख ओळखीची नसली तरी तिचा परिणाम ओळखीचा आहे. विमानाच्या हातसामानातल्या बाटल्यांवर बंधने आली ती त्या दिवसापासून, आणि मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या कित्येक आयांच्या पिशवीतली तुपाची बरणी तपासणीच्या टेबलावरच राहिली ती त्यानंतर. लीबरमन यांनी त्याच दिवशी प्रचारात सांगितले की, लॅमॉन्ट म्हणतात तसे तारीख ठरवून इराकमधून निघून गेलो तर ही विमाने उडवायला निघालेल्या लोकांना तो मोठा विजय वाटेल आणि ते पुन्हा हल्ला करतील.

या विधानाचा पोत तपासण्यासारखा आहे. कटातले आरोपी ब्रिटनमध्ये राहणारे होते, कट तिथल्या पोलिसांनी आणि गुप्तचरांनी पाळत ठेवून पकडला, आणि बगदादच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या अमेरिकी तुकडीचा त्या तपासाशी काही संबंध नव्हता. त्या कटातून एखादा धडा घ्यायचाच असेल तर तो लॅमॉन्ट यांच्या बाजूचा होता; म्हणजे पैसा आणि माणसे तपासयंत्रणेवर खर्च करा, असा. तरीही लीबरमन यांचे वाक्य लोकांना पटण्याजोगे होते, कारण भीतीच्या दिवशी दूरचे आणि जवळचे यांतला फरक पुसला जातो. अंतर्गत सुरक्षा या कल्पनेचा राजकारणातला उपयोग तिथेच आहे. ज्या युद्धाचे समर्थन त्या युद्धाच्या निष्पत्तीवर करता येत नाही, त्याचे समर्थन तुमच्या विमानाच्या तिकिटावर करता येते.

लीबरमन यांच्याविषयी एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. त्यांनी आपली भूमिका सोडली असती तर ती प्रायमरी ते बहुधा सहज जिंकले असते, आणि ती त्यांनी सोडली नाही. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन आणि अपक्ष मतदारांच्या बळावर ते सुमारे ५० टक्के मते मिळवून पुन्हा निवडून आले. लॅमॉन्ट ४० टक्क्यांवर थांबले. युद्धाला कंटाळलेल्या राज्याने युद्धाचा समर्थक निवडला हे कोडे अनेकांना पडले. त्याचे एक उत्तर इराकमध्ये सापडत नाही; ते कनेटिकटच्या किनाऱ्यावर, ग्रॉटन गावात सापडते.

ग्रॉटनला अमेरिकी नौदलाचा पाणबुड्यांचा जुना तळ आहे आणि जवळच इलेक्ट्रिक बोट कंपनीचा पाणबुड्या बांधण्याचा कारखाना आहे. मे २००५ मध्ये पेंटागॉनने बंद करायच्या तळांची यादी जाहीर केली तेव्हा तिच्यात हा तळ होता. राज्यात खळबळ उडाली. रिपब्लिकन गव्हर्नर जोडी रेल, दोन्ही डेमोक्रॅटिक सिनेटर, स्थानिक खासदार, कामगार संघटना सगळे एका बाजूला आले, आणि ऑगस्टमध्ये ती यादी तपासणाऱ्या आयोगाने तो तळ तिच्यातून वगळला. पुढे राज्याने स्वतःच्या तिजोरीतून त्या तळावरच्या सोयींसाठी पैसे दिले. राष्ट्रीय संरक्षणाचा खर्च वॉशिंग्टनने करायचा असा सरळ संकेत असताना, एक राज्य आपल्या करदात्यांचा पैसा नौदलाच्या तळावर घालते तेव्हा ते संरक्षणाचा विचार करत नसते. ते गावातल्या पगाराचा विचार करत असते. त्यात गैर काही नाही. पण ज्याने हा तळ वाचवायला धावपळ केली त्या ज्येष्ठ सिनेटरला सोडून नव्या माणसाला पाठवायचे का, हा प्रश्न ग्रॉटनच्या मतदाराला पडला असेल तर तो इराकइतकाच युद्धाचा प्रश्न होता.

कथेचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हेच लॅमॉन्ट २०१८ मध्ये कनेटिकटचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि २०२२ मध्ये पुन्हा आले. आता त्यांच्या टेबलावर इराक नव्हता. टेबलावर होते स्ट्रॅटफर्डचे सिकोर्स्की, जिथे लष्करी हेलिकॉप्टरे बनतात. ईस्ट हार्टफर्डचे प्रॅट अँड व्हिटनी, जे एफ-३५ या लढाऊ विमानाची इंजिने बनवते. आणि ग्रॉटनची इलेक्ट्रिक बोट, जिथे अण्वस्त्रे वाहणाऱ्या कोलंबिया वर्गाच्या पाणबुड्यांचे काम चालू आहे. पाणबुडीच्या सांगाड्यावर काम करणारे वेल्डर पुरेसे मिळेनात म्हणून राज्य स्वतः प्रशिक्षणवर्ग चालवण्यात उतरले. सिकोर्स्कीने राज्यातच राहावे म्हणून २०२२ मध्ये लॅमॉन्ट सरकारने तिच्या मालक कंपनीशी, लॉकहीड मार्टिनशी, सवलतींचा करार केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लष्कराने सिकोर्स्कीच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरची जागा घेणाऱ्या विमानाचे कंत्राट टेक्सासच्या बेल कंपनीला दिले आणि ते काम स्ट्रॅटफर्डच्या हातून गेले.

युद्धाविरुद्ध मते मागणारा माणूस शस्त्रनिर्मितीला सवलती देतो याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, आणि मी तसे म्हणणार नाही. एका विशिष्ट युद्धाला विरोध म्हणजे पाणबुडीला विरोध नव्हे, आणि सात-आठ हजार कुटुंबांचे घर ज्या कारखान्यावर चालते तो राज्याबाहेर जाऊ देणे हे कोणत्याही गव्हर्नरचे काम नाही. आक्षेप वेगळा आहे. लॅमॉन्ट यांच्या २००६ च्या भाषणांवर देशभर चर्चा झाली, त्यांच्या समर्थनार्थ आणि विरोधात वर्तमानपत्रांनी रकाने भरले; त्या चर्चेतून त्यांच्या हातून एक सैनिकही परत आला नाही, कारण ते निवडूनच आले नाहीत. गव्हर्नर म्हणून त्यांनी केलेले करार मात्र पुढची चाळीस वर्षे समुद्राखाली फिरणाऱ्या अस्त्रांशी राज्याचे पोट बांधून ठेवणारे आहेत, आणि त्यांची नोंद होते ती उद्योग-व्यवसायाच्या पानावर. मतदाराने ही दोन पाने एकत्र ठेवून वाचायला हवीत, एवढेच माझे म्हणणे. ज्या राज्याचे महसुली गणित संरक्षणखात्याच्या कंत्राटांवर उभे आहे, त्या राज्याचे प्रतिनिधी संरक्षण अंदाजपत्रकावर मत देताना किती मोकळे असतात, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक उमेदवाराला विचारण्याजोगा आहे.

कारखान्यांपेक्षा गव्हर्नरचा युद्धाशी थेट संबंध येतो तो नॅशनल गार्डमुळे. गार्डमधली माणसे एरवी शिक्षक, ट्रकचालक, दुकानदार, परिचारिका असतात. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे सराव करतात. पूर, वादळ, दंगल अशा वेळी गव्हर्नर त्यांना बोलावतो आणि तेव्हा तोच त्यांचा सेनापती असतो. पण हीच तुकडी अध्यक्ष आपल्या सेवेत ओढून परदेशी पाठवू शकतो, आणि तसा हुकूम निघाला की गव्हर्नरचा अधिकार संपतो. १९८० च्या दशकात काही गव्हर्नरांनी आपली माणसे होंडुरासमध्ये सरावासाठी पाठवायला विरोध केला. निकाराग्वातल्या सरकारविरुद्ध रेगन प्रशासनाच्या डावपेचांत आपल्या गावची पोरे का, असा त्यांचा सवाल होता. काँग्रेसने १९८६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ठिकाण किंवा हेतू पसंत नाही म्हणून नकार देण्याची त्यांची मुभा काढून घेतली. मिनेसोटाचे गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० मध्ये ते एकमताने हरले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न मिटला. राजकारणाच्या दृष्टीने तो मिटला नाही, हे पंधरा वर्षांनी लुइझियानात दिसले.

लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको नोव्हेंबर २००३ मध्ये बॉबी जिंदाल यांना हरवून निवडून आल्या तेव्हा इराक युद्धाला आठ महिने झाले होते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ किनाऱ्यावर आदळले त्या दिवशी राज्याच्या गार्डची २५६ वी ब्रिगेड, सुमारे तीन हजार माणसे, इराकमध्ये होती. आणि माणसांबरोबर खोल पाण्यातून जाऊ शकणाऱ्या गाड्या आणि जनरेटरही तिकडेच होते. शेजारच्या मिसिसिपीचीही एक ब्रिगेड इराकमध्ये होती. न्यू ऑर्लीन्सच्या बंधाऱ्यांचे दोष, स्थलांतराच्या आदेशाला झालेला उशीर, आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेची अनागोंदी ही कारणे मोठी होतीच, आणि केवळ इराकमुळे शहर बुडाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी छपरावर उभ्या असलेल्या माणसाला हवी होती ती गाडी त्या वेळी बगदादकडे होती ही वस्तुस्थिती कोणत्याही युद्धविरोधी भाषणापेक्षा वजनदार आहे. बुश प्रशासनाने नंतर गार्डचे नियंत्रण वॉशिंग्टनच्या अखत्यारीत घेण्याचा प्रस्ताव दिला, तो ब्लँको यांनी नाकारला. त्यावर वाद अजून होतात. २००७ मध्ये त्या पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत आणि त्यांच्या जागी जिंदाल आले.

त्याच २००७ च्या मे महिन्यात कॅन्ससमधले ग्रीन्सबर्ग गाव टॉर्नेडोने जवळजवळ पुसले गेले, आणि गव्हर्नर कॅथलीन सेबिलियस यांनी उघडपणे सांगितले की गार्डचे ट्रक आणि अवजारे इराकमध्ये असल्याने मदत रेंगाळते आहे. व्हाइट हाउसने हे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. खरे-खोटे काहीही असो, गव्हर्नरकडे किती ट्रक शिल्लक आहेत हा युद्धनीतीचा आकडा आहे, आणि गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला तो तोंडपाठ असायला हवा.

२०२५ मध्ये हा विषय उलट्या दिशेने आला. त्या वर्षी जूनमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांच्या विरोधाला न जुमानता राज्याच्या गार्डमधली सुमारे चार हजार माणसे आपल्या अखत्यारीत घेऊन लॉस एंजेलिसला आणली, आणि त्यांच्या जोडीला सातशे मरीन सैनिक पाठवले. देशातल्याच बंदोबस्तासाठी, गव्हर्नरने न मागता अध्यक्षाने गार्ड ताब्यात घेण्याची १९६५ नंतरची ती पहिली वेळ होती. १९६५ मध्ये जॉन्सन यांनी अलाबामात ते केले ते नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्च्याचे रक्षण करण्यासाठी. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन शहरात गार्ड उतरवले गेले तेव्हा वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो, साउथ कॅरोलायना अशा रिपब्लिकन गव्हर्नरांच्या राज्यांनी आपापल्या तुकड्या पाठवल्या. तिथे सक्ती नव्हती. सही गव्हर्नरची होती.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हाइट हाउसपासून थोड्या अंतरावर वेस्ट व्हर्जिनियाच्या गार्डमधल्या दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांतली वीस वर्षांची तरुणी दुसऱ्या दिवशी मरण पावली. पकडलेला संशयित अफगाण होता, आणि तो अफगाणिस्तानात अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या साथीने काम करणाऱ्या दलात होता, असे त्या संस्थेच्या प्रमुखांनीच सांगितले. वीस वर्षे चाललेले एक युद्ध, ते संपवण्याची २०२१ मधली धांदल, निर्वासितांची छाननी, आणि गुन्हे कमी करण्यासाठी म्हणून दुसऱ्या शहरात उभे केलेले एका डोंगराळ राज्याचे तरुण सैनिक, हे सगळे एका चौकात एकत्र आले. त्या मृत्यूचा दोष गव्हर्नरला लावणे अन्यायाचे होईल. हल्लेखोराचा दोष हल्लेखोराचा. पण आपल्या राज्याची माणसे दुसऱ्या शहराच्या बंदोबस्ताला का पाठवली, त्याची गरज कोणी तपासली आणि किती दिवसांसाठी, हे प्रश्न गव्हर्नरलाच विचारायचे आहेत. अंतर्गत सुरक्षेबद्दलचे त्याचे मत त्या सहीत होते.

निधीची गोष्ट याहून रुक्ष आहे म्हणून थोडक्यात सांगतो. ९/११ नंतर राज्यांना सुरक्षानिधी वाटताना प्रत्येक राज्याला किमान ठरावीक वाटा मिळेल अशी तजवीज कायद्यात झाली. परिणाम असा झाला की, वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्याला माणशी मिळणारी रक्कम न्यूयॉर्कच्या कित्येक पट झाली. ९/११ आयोगाने निधी धोका पाहून वाटा असे बजावले. २००७ मध्ये किमान वाटा कमी झाला, पण गेला नाही, कारण छोट्या राज्यांनाही प्रत्येकी दोन सिनेटर असतात.

नेमणुकांचे उदाहरण न्यू जर्सीचे आहे आणि ते विसरू नये असे आहे. ९/११ ला त्या राज्याचे सातशेहून अधिक रहिवासी मारले गेले, अपहृत विमानांपैकी एक नेवार्कहून उडाले होते, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत अँथ्रॅक्स घातलेली पत्रे ट्रेंटनच्या परिसरातून टपालात पडली होती. अशा राज्यात जानेवारी २००२ मध्ये गव्हर्नर झालेल्या जिम मॅकग्रीव्ही यांनी आपला अंतर्गत सुरक्षेचा सल्लागार म्हणून एका इस्रायली नागरिकाला नेमले. त्यांना या क्षेत्राचा म्हणावा तसा अनुभव नव्हता, आणि परदेशी नागरिक असल्याने त्यांना वॉशिंग्टनची गोपनीय माहिती पाहण्याची परवानगीही मिळू शकत नव्हती. टीकेमुळे थोड्याच दिवसांत त्यांना त्या कामावरून बाजूला व्हावे लागले. दोन वर्षांनी या सल्लागाराशी असलेल्या कथित प्रेमसंबंधांवरून गव्हर्नरनी राजीनामा दिला आणि चर्चा सगळी तिकडे वळली. मला ती खाजगी बाजू बिनमहत्त्वाची वाटते. ज्या राज्याने इतकी माणसे गमावली तिथे ते पद गुणवत्तेवाचून भरता आले, हे खरे प्रकरण होते.

त्याच न्यू जर्सीत नोव्हेंबर २०२५ मध्ये मिकी शेरिल निवडून आल्या, आणि व्हर्जिनियात ॲबिगेल स्पॅनबर्गर. शेरिल नौदलात हेलिकॉप्टर चालवत असत. स्पॅनबर्गर सीआयएमध्ये होत्या. युद्ध आणि सुरक्षा यांबद्दल बोलण्याचा अधिकार कोणा उमेदवाराला असेल तर तो या दोघींना होता. तरी शेरिल यांच्या प्रचाराचा गाजलेला मुद्दा होता विजेचे बिल. दर गोठवण्यासाठी पहिल्याच दिवशी आणीबाणी जाहीर करीन असे त्या सांगत होत्या. स्पॅनबर्गर महागाई आणि सरकारी नोकरकपातीवर बोलल्या. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे ते बहुधा त्याबद्दल कमी बोलतात हे त्यामागचे एक कारण असेल. पण मतदारानेही त्यांना त्या सेवेचे श्रेय देऊन पुढचे प्रश्न माफ केले असे मला वाटते. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा विषय परका नाही. मतदार म्हणून त्यांची संख्या थोडी असली तरी सभेत हात वर करून प्रश्न विचारण्याची संधी स्थानिक निवडणुकीतच मिळते, आणि तिथे वीजबिलाच्या जोडीला राज्यातल्या मॅग्वायर-डिक्स-लेकहर्स्ट या लष्करी तळाविषयी आणि राज्याच्या गार्डविषयीही विचारता येते.

मराठी वाचकाला जवळचे आणखी एक नाव श्री ठाणेदार यांचे. चिकोडी-बेळगावकडून मिशिगनपर्यंत पोचलेले हे उद्योजक २०१८ मध्ये तिथल्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले, मग राज्याच्या विधिमंडळात गेले, आणि जानेवारी २०२३ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये आहेत. तिथे ते होमलँड सिक्युरिटी समितीचे सदस्य आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या एका पॅलेस्टाइन-समर्थक सभेवरून त्यांनी डेमोक्रॅटिक सोशॅलिस्ट या संघटनेचे सदस्यत्व सोडले. त्यांच्या भूमिका कोणाला पटोत न पटोत, राज्याच्या पातळीवर असताना ज्या विषयावर काही बोलावे लागत नाही तोच विषय वर गेल्यावर पहिल्या वर्षातच अंगावर येतो, हे त्यांच्या प्रवासातून दिसते. आपल्या माणसाचे कौतुक करताना हे प्रश्न आपण त्याला आधीच विचारले होते का?

यावर एक जोरदार आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. अधिकार नसलेल्यानेही युद्धावर बोलले पाहिजे, असे तो सांगतो, आणि त्याचा पुरावा म्हणून २ ऑक्टोबर २००२ चे शिकागो दाखवतो. त्या दिवशी फेडरल प्लाझामध्ये भरलेल्या युद्धविरोधी सभेत इलिनॉय विधिमंडळाचे सदस्य बराक ओबामा बोलले. आपला सगळ्या युद्धांना विरोध नाही, मूर्खपणाच्या युद्धाला आहे, असा त्या भाषणाचा गाभा होता. काँग्रेसचे मतदान अजून व्हायचे होते, देशाचा कल युद्धाकडे होता, आणि ओबामा सिनेटच्या उमेदवारीची तयारी करत होते. बोलून नुकसान होण्याची शक्यता बरीच होती. सभा इतकी दुर्लक्षित राहिली की पुढे २००८ च्या प्रचारात ते भाषण वापरायचे ठरले तेव्हा पूर्ण ध्वनिमुद्रण मिळेना आणि ते ओबामांना नव्याने वाचून द्यावे लागले. त्या एका भाषणाने, २००२ च्या ठरावाला मत दिलेल्या हिलरी क्लिंटन यांच्यापासून त्यांना वेगळे केले आणि व्हाइट हाउसपर्यंत नेले, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

आक्षेप मी अर्धा मान्य करतो. किंमत मोजावी लागेल अशा वेळी केलेले विधान माणसाची पारख करायला उपयोगी पडते, मग त्याच्या हातात अधिकार असो वा नसो. पण त्या विधानावरून पुढचा कारभार सांगता येतो का? ओबामांनी २००९ च्या डिसेंबरमध्ये अफगाणिस्तानात आणखी तीस हजार सैनिक पाठवले. २०११ मध्ये लिबियावर काँग्रेसच्या परवानगीशिवाय बॉम्बफेक केली, आणि ही कारवाई १९७३ च्या युद्धाधिकार कायद्यातल्या ‘शत्रुत्वाच्या कारवाया’ या व्याख्येत बसत नाही असा युक्तिवाद त्यांच्या प्रशासनाने केला. शिकागोच्या त्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्याला यातले काही दिसणे शक्य नव्हते. त्याने ओबामांना इराकबद्दल विचारले आणि बरोबर उत्तर मिळाले. काँग्रेसला न विचारता अध्यक्षाने किती दिवस लढावे हे विचारले असते तर उत्तर जरा चाचरत आले असते, आणि पुढच्या पंधरा वर्षांसाठी तेच अधिक उपयोगाचे ठरले असते.

नोव्हेंबर २०२६ मध्ये ३६ राज्यांत गव्हर्नर निवडले जाणार आहेत. त्यांतल्या प्रत्येक उमेदवाराला तीन गोष्टी नेमक्या विचारता येतील आणि तिन्हींना हो-नाहीत उत्तर देता येते. शेजारच्या राज्याचा गव्हर्नर नको म्हणत असताना अध्यक्षाने मागितले तर तुम्ही तुमचे गार्ड तिथे पाठवाल का? तुमच्या गार्डची तुकडी परदेशी गेली तर वादळाच्या मोसमात राज्यात किती गाड्या आणि किती माणसे उरतील याचा आकडा दरवर्षी जाहीर कराल का? राज्याच्या सुरक्षाप्रमुखाची नेमणूक विधिमंडळाच्या खुल्या सुनावणीशिवाय करणार नाही असे लिहून द्याल का? पहिल्या प्रश्नावर अनेक उमेदवार पक्षाकडे पाहून उत्तर देतील, आणि ते उत्तर अध्यक्ष बदलला की बदलेल. म्हणून तो प्रश्न विचारताना अध्यक्षाचे नाव घेऊ नये.